हाक आणि हुकूम

या खेळाला दोन नावं आहेत. जपानमध्ये तो ‘हितोकुई नो ओवाशी तोरिको’ या नावानं आला, म्हणजे ‘माणसं खाणारा महागरुड तोरिको’. जपानबाहेर त्याचं नाव झालं ‘द लास्ट गार्डियन’, अखेरचा रखवालदार. भाषांतरात नाव बदलतं यात नवल काही नाही; अनेक भाषांत वाचणाऱ्यांना तर ते सांगायलाच नको. पण इथं एक नाव भीती घालतं, दुसरं अभय देतं, आणि दोन्ही नावं एकाच जनावराची आहेत. जपानी खेळाडू ज्याला बिचकत खेळ सुरू करतो, त्याच्यावर भरवसा ठेवायचा आहे हे बाकीच्यांना वेष्टनावरच कळलेलं असतं. जनावराचं नाव इंग्रजीत ‘ट्रिको’ झालं तेव्हा आणखी एक गोष्ट हरवली. जपानी कानाला ‘तोरिको’त बंदिवान ऐकू येतो, पक्ष्याचं पिल्लू ऐकू येतं, आणि ‘तोरि’ म्हणजे पक्षी व ‘नेको’ म्हणजे मांजर यांची सरमिसळही ऐकू येते. खेळात भेटणारं जनावर हे सगळंच आहे.

मी या खेळाची सात वर्षं वाट पाहिली. चाहत्यानं केलेली समीक्षा कितपत गंभीरपणे घ्यावी, असं कुणी विचारलं तर तो प्रश्न रास्त आहे. चाहता एक तर आवडत्या कलाकृतीचे दोषही गुण म्हणून खपवतो, नाही तर वाट पाहायला लावल्याचा राग तिच्यावर काढतो. मी दोन्ही केलं आहे. खेळ आला तेव्हा तिसऱ्याच संध्याकाळी मी वैतागून कंट्रोलर गादीवर आपटला होता. आणि त्यानंतर वर्षभर मित्रांशी वाद घालताना त्याच खेळाचा एकही दोष कबूल केला नव्हता. आता तो पुन्हा एकदा, कुणाशी भांडायचं नसताना, खेळून झाल्यावर वाटतं की ज्या मुद्द्यावर तेव्हा एवढा वाद होता, त्याच मुद्द्यावर खेळाचा सगळा अर्थ उभा आहे. मुद्दा साधा आहे : ट्रिको आपलं ऐकत नाही.

ज्यांनी कधी कंट्रोलर हातात धरला नाही त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी. या खेळाचा कर्ता फुमितो उएदा हा ओसाकामधल्या कला विद्यापीठात शिकलेला. सोनी कंपनीत असताना त्यानं केलेला पहिला खेळ ‘इको’, २००१ सालचा. डोक्याला शिंगं फुटली म्हणून गावानं एका ओसाड किल्ल्यात टाकून दिलेला मुलगा, आणि तिथंच कोंडलेली योर्दा नावाची मुलगी. दोघांना एकमेकांची भाषा कळत नाही. कंट्रोलरवरचं एक बटण दाबून धरलं की मुलगा तिचा हात धरतो, बटण सोडलं की हात सुटतो. किल्ल्यातून बाहेर पडण्याचा सगळा प्रवास त्या एका बटणाभोवती फिरतो. दुसरा खेळ ‘शॅडो ऑफ द कोलोसस’, २००५ सालचा. मेलेल्या मुलीला परत आणण्यासाठी एक तरुण सोळा महाकाय जीवांना एकेक करून मारतो, आणि प्रत्येक जीव कोसळताना खेळणाऱ्याला विजयाऐवजी आपण काही तरी वाईट केल्याची जाणीव होते. या तरुणाबरोबर अ‍ॅग्रो नावाचा घोडा असतो. लगाम ओढला की तो लगेच वळेलच असं नाही. कड्याजवळ तो स्वतःच्या बुद्धीनं पाय मागं घेतो. उएदाच्या खेळांत शत्रूंची गर्दी नसते, आकड्यांचे तक्ते नसतात, संवाद मोजकेच असतात. उरतो तो दोन जीवांमधला एक स्पर्श. आधी हात, मग लगाम, आणि तिसऱ्या खेळात पिसं.

हा तिसरा खेळ जून २००९मध्ये लॉस एंजेलिसच्या ई-थ्री प्रदर्शनात पहिल्यांदा दाखवला गेला. तेव्हा तो प्लेस्टेशन ३साठी होता. २०११ साल ठरलं, मग बेमुदत पुढं गेलं. २०११ संपता संपता उएदानं सोनीची नोकरी सोडली, पण करारावर खेळाचं काम करत राहिला. २०१४मध्ये त्यानं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी जेन डिझाईन हा स्वतःचा स्टुडिओ काढला. २०१५च्या ई-थ्रीमध्ये खेळ पुन्हा दिसला, आता प्लेस्टेशन ४साठी. तारीख ठरली, ती ऑक्टोबरवरून डिसेंबरवर गेली, आणि अखेर ६ डिसेंबर २०१६ला तो विक्रीला आला. मधल्या काळात आम्हा चाहत्यांकडे पाहायला होत्या काही मिनिटांच्या झलका. एक लहान मुलगा, एक अजस्र जनावर, पडकी तटबंदी. एवढ्यावर प्रत्येकानं आपापला ट्रिको मनात पाळला होता. माझा ट्रिको, आज कबूल करतो, फार आज्ञाधारक होता. हाक मारली की धावत येणारा.

खऱ्या खेळात काय होतं? मुलगा एका गुहेत जागा होतो. अंगभर गोंदण, ते कधी उमटलं हे त्याला आठवत नाही. शेजारी साखळदंडानं बांधलेलं प्रचंड जनावर. मांजरासारखी चाल, पक्ष्याचे पाय, अंगभर पिसं, मोडलेली शिंगं, आणि शरीरात रुतलेले भाले. मुलगा भाला उपसायला जातो तेव्हा ते वेदनेनं त्याला उडवून देतं. उठायचं, पुन्हा जायचं. निळसर चमकणारी पिंपं शोधून आणायची आणि समोर टाकायची. आपण फार जवळ उभे राहिलो तर ते तोंड लावत नाही, मागं सरावं लागतं. उपाशी जनावराला खाऊ घालणाऱ्यानंही थोडं लांब उभं राहायचं असतं, ही या खेळाची पहिली शिकवण. ती पडद्यावर कुठंही लिहून येत नाही.

त्यानंतर दोघं मिळून त्या दरीतल्या उद्ध्वस्त इमारतींतून वाट काढतात. उंच कठड्यावर मुलाचा हात पोचत नाही, तिथं ट्रिकोच्या पाठीवरून चढावं लागतं. ट्रिकोही मुलाशिवाय अडतो. डोळ्याची आकृती असलेली रंगीत काच दिसली की तो थिजतो, आणि ती काच मुलानंच दूर करावी लागते. रिकामी चिलखतं चालत येतात आणि मुलाला उचलून निळ्या उजेडाच्या दारांकडे नेऊ लागतात. मुलाजवळ तलवार नाही. ट्रिको त्यांना तुडवतो. झुंज संपली तरी त्याचा भडका शांत होत नाही. मग पाठीवर चढून, पिसांवर हात फिरवून त्याला शांत करायचं, नवे रुतलेले भाले काढायचे. लढाईनंतरची ही शुश्रूषा बहुतेक खेळ वगळतात. इथं ती लढाईपेक्षा जास्त वेळ घेते.

आणि आता वादाचा मुद्दा. एक बटण दाबलं की मुलगा ट्रिकोला हाक मारतो. ते धरून दुसरं दाबलं की दिशा दाखवतो, उडी मार असं सुचवतो. ट्रिको मान वळवतो. बघतो. कधी जांभई देतो, कधी कान खाजवतो, कधी दुसऱ्याच कोपऱ्यात जाऊन काही तरी हुंगत बसतो. सुरुवातीच्या एका तळ्यापाशी तो पाण्यात उतरायलाच तयार होत नाही. खाण्याचं आमिष दाखवावं लागतं. माझा कंट्रोलर गादीवर आपटला तो अशाच एका जागी. वरच्या कठड्यावर जायचं आहे हे मला कळलं होतं, मी दहा वेळा वर बोट दाखवलं होतं, आणि ट्रिको खाली बसून मला न्याहाळत होता. तेव्हा अनेक समीक्षकांनी याला दोष म्हटलं. व्हिडिओ गेमचा पायाच हा आहे की बटण दाबलं की गोष्ट घडते. ते घडत नसेल तर यंत्र बिघडलं आहे असंच आपल्याला वाटतं.

आजोळी एक म्हैस होती. ती आजीशिवाय कुणाला दूध काढू देत नसे. आजी आजारी पडली की मामा आजीचं लुगडं अंगावर पांघरून गोठ्यात जायचा, तरी ती पान्हा चोरायची. म्हैस बिघडली आहे असं कुणी म्हटलं नाही. तिला आजीचा लळा आहे, असं म्हणत. मराठीत लळा लागतो किंवा लावला जातो. तो मागून मिळत नाही. ट्रिकोशी आपलं नातं या शब्दाच्या जवळचं आहे. तो पुष्कळ तासांनंतर जास्त ऐकू लागतो, पण कुठल्या क्षणापासून, ते खेळणाऱ्याला कळत नाही. एखाद्या मीटरमध्ये विश्वास भरताना दिसत नाही. एवढंच जाणवतं, की आधी दहा हाका लागायच्या तिथं आता दोन लागतात.

जनावरं वाचायची मराठी वाचकाला सवय आहे, पण त्या वाचण्यातही दोन तऱ्हा आहेत. पंचतंत्र आणि इसापनीतीतली जनावरं बोलतात, सल्ले देतात, आणि म्हणून ती कातडं पांघरलेली माणसंच असतात. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘सत्तांतर’मधली वानरं वानरांसारखी वागतात, टोळीतला सत्तेचा झगडा आपल्याला ओळखीचा वाटला तरी लेखक त्यांच्या तोंडी आपली नीती घालत नाही. व्हिडिओ गेममधली सोबतीची जनावरं बहुतेक पहिल्या जातीची असतात, किंवा त्याहून खालच्या : चालतं-बोलतं वाहन. ट्रिको दुसऱ्या जातीचा आहे. त्याला काय वाटतं, हे शब्दांत कधीच कळत नाही. कान मागं गेले, शेपटी वर झाली, श्वास जड झाला, एवढ्यावरून अंदाज करायचा. उएदाच्या चमूनं कुत्रं, मांजर, पक्षी यांच्या हालचाली इतक्या बारकाईनं मिसळल्या आहेत, की जगात नसलेल्या या जनावराचा अंदाज आपल्याला बऱ्याचदा बरोबर येतो.

पण ऐकत नाही म्हणून तो खरा वाटतो, एवढंच म्हणणं मला अपुरं वाटतं. हट्टी मांजर हुबेहूब उभं करणं हे कौशल्य झालं. त्या हट्टाचा अर्थ काय, हे खेळाच्या उत्तरार्धात उलगडतं, आणि ते सांगायचं तर कथानक सांगावंच लागेल.

मुलगा त्या दरीत आला कसा? ट्रिकोनंच त्याला आणलं. एका रात्री गावात उतरून, झोपलेल्या मुलाला गिळून, पोटात घालून. जपानी नावातला माणूसखाऊ खोटा नाही. दरीच्या मधोमध एक पांढरा मनोरा आहे आणि त्यात एक काळी शक्ती वसते. ती तिथल्या सगळ्या ट्रिकोंना दुरून चालवते. ते माणसांच्या वस्तीतून मुलं उचलून आणतात, मनोऱ्यात ओकतात, आणि बदल्यात त्यांना मिळतात पिंपं. तीच निळसर चमकणारी पिंपं, जी आपण पहिल्या तासापासून प्रेमानं शोधून ट्रिकोसमोर टाकत आलो. आपला ट्रिको मुलाला घेऊन येताना वीज लागून कोसळला, शिंगं मोडली, आणि मनोऱ्याशी असलेला त्याचा धागा तुटला. कथा सुरू होते ती या अपघातामुळं.

हे कळल्यावर मी थोडा वेळ खेळ थांबवून बसलो होतो. मनोरा खाऊ घालून हुकूम देतो. मीही खाऊ घालून हुकूम देत होतो. मनोऱ्याच्या मालकात आणि माझ्यात फरक कोणता? प्रेम हा फरक आहे असं म्हणणं सोपं आहे, पण बटण दाबणाऱ्याचं प्रेम पडद्यापलीकडच्या जनावराला कुठून दिसणार? खेळ जो फरक दाखवतो तो जास्त कठोर आहे. मनोऱ्याचा हुकूम आला की ट्रिकोला नाही म्हणता येत नाही. माझ्या हाकेला म्हणता येतं. मधेच एकदा मनोरा त्याच्यावर पुन्हा ताबा मिळवतो, तेव्हा तो मुलालाच गिळतो. तेव्हाचा ट्रिको तत्पर आहे, अचूक आहे, क्षणाचाही विलंब करत नाही. सात वर्षं मी जो आज्ञाधारक ट्रिको मनात पाळला होता, तो नेमका हा होता.

म्हणून त्या कठड्याखाली बसून मला न्याहाळणारा ट्रिको आता मला वेगळा दिसतो. त्याचा विलंब काढून टाकला असता तर खेळ सुटसुटीत झाला असता आणि आपण मनोऱ्याच्या जागी जाऊन बसलो असतो. तो उशिरा येतो, म्हणून त्याच्या येण्याला किंमत आहे. तुटक्या पुलावरून मुलगा उडी मारतो, अंतर जास्त असतं, आणि ट्रिको त्याला शेपटीनं किंवा तोंडानं झेलतो. अशा उड्या खेळात पुढं पुढं येत राहतात, आणि दर वेळी हातात बटण असूनही काहीच हातात नसतं. ज्या तोंडानं गिळलं त्याच तोंडानं झेललं, हे कळल्यावर दोन्ही नावं एकाच जनावराची का आहेत, तेही कळतं.

आता चाहत्याची दुसरी चूक टाळायला हवी. या खेळात खरे दोषही आहेत. अरुंद खोलीत ट्रिको शिरला की कॅमेरा भिंतीला चिकटतो, पिसांत बुडतो, कधी पडदाच काळा होतो. प्लेस्टेशन ४वर गर्दीच्या दृश्यांत चित्र अडखळतं. आम्ही चाहते तेव्हा म्हणायचो, की हे सगळं एकाच अवघडलेपणाचा भाग आहे, जनावर मोठं आहे, जागा लहान आहे. ही पळवाट होती. अलीकडे मी मूळ डिस्कवरचा खेळ, एकही अपडेट न घालता, प्लेस्टेशन ५वर चालवला. तसा तो सेकंदाला ६० चौकटींच्या गतीनं चालतो, म्हणजे दुप्पट गुळगुळीत. अडखळणं गेलं. ट्रिको मात्र तेवढाच उशीर करत होता, तशीच जांभई देत होता. यंत्र सुधारल्यावर जे गेलं तो दोष होता. जे राहिलं ते लेखन होतं. चाहत्यांनी आणि टीकाकारांनी, दोघांनीही या दोन गोष्टींची एकच मोळी बांधली होती, असं मला आता वाटतं.

दुसरी तक्रार जास्त गंभीर आहे, कारण ती यंत्राची नाही, धैर्याची आहे. सगळी गोष्ट मोठा झालेला तो मुलगाच सांगतो आहे, आणि खेळणारा अडकला की त्याचा आवाज वाट सुचवतो. काही जागी हा आवाज सुंदर आहे; आपण बघतो ते कुणाच्या तरी आठवणीतलं आहे, हे त्यामुळं कळतं, आणि मुलगा वाचणार हेही. पण बऱ्याचदा तो कोडं सुटायच्या आधीच उत्तर पुटपुटतो. त्यात कुठलं बटण कशासाठी, याच्या सूचना पडद्यावर पुनःपुन्हा येत राहतात. ‘इको’ करणाऱ्या माणसाला खेळणाऱ्याच्या शांततेवर एवढा विश्वास होता. इथं कुणाला तरी भीती वाटली आहे की लोक कंटाळतील. ज्या खेळाचा विषयच थांबणं आहे, त्यानं आपल्याला थांबू देऊ नये, हे मला आजही खटकतं. ट्रिकोनं माझ्यावर ठेवला तेवढा भरवसा खेळानं ठेवला असता, तर तो आणखी मोठा झाला असता.

शेवट मात्र तडजोड करत नाही. मनोरा उद्ध्वस्त होतो. जखमी ट्रिको बेशुद्ध मुलाला तोंडात धरून त्याच्या गावी आणतो. गावकऱ्यांना काय दिसतं? मुलं पळवणारं जनावर, आणि त्याच्या तोंडात मूल. त्यांच्या दृष्टीनं ते बरोबरच आहे. त्यांच्याकडे फक्त पहिलं नाव आहे. भाले उडतात. अर्धवट शुद्धीत मुलगा हात उचलतो आणि ट्रिकोला जायला सांगतो. सगळ्या खेळभर आपण त्याला ‘ये’ म्हणत आलो आणि शेवटी सांगायचं आहे ते ‘जा’. तो रेंगाळतो. तो ऐकू नये असं खेळात पहिल्यांदाच वाटतं. मग तो उडून जातो.

पुष्कळ वर्षांनी गावातल्या पोरांना मातीत एक जुनी ढाल सापडते. याच ढालीच्या आरशासारख्या पृष्ठभागावरचा प्रकाश जिथं पडेल तिथं ट्रिकोची शेपटी वीज पाडायची. मोठा झालेला तो मुलगा ढाल वर धरतो, प्रकाशाची रेघ आकाशात जाते, आणि दूर दरीतल्या काळोखात डोळे उघडतात. तो उठतो का, येतो का, हे खेळ दाखवत नाही. पहिल्यांदा खेळलो तेव्हा मला हे अपुरं वाटलं होतं. आता वाटतं, हाक मारणाऱ्याचं काम तिथं संपलेलं असतं.